चौकटीतला मराठवाडा: हवामान मॉडेलकारांच्या पेशाचा इतिहास

छत्रपती संभाजीनगरात पडलेला पाऊस चिकलठाण्याच्या वेधशाळेत मोजला जातो. मात्र पुढील पन्नास-शंभर वर्षांत या प्रदेशाच्या पावसाचे काय होईल, याचा हिशेब पुण्यात पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत मांडला जातो. हा हिशेब मांडणाऱ्या शास्त्रज्ञाचे साधन म्हणजे हवामानाचे मॉडेल, अर्थात हवा, समुद्र, उष्णता आणि बाष्प यांना लागू होणारे भौतिकशास्त्राचे नियम समीकरणांत मांडून ती संगणकाकडून टप्प्याटप्प्याने सोडवून घेण्याची व्यवस्था. त्यासाठी पृथ्वीचा पृष्ठभाग चौकटींत विभागतात आणि प्रत्येक चौकटीत, प्रत्येक उंचीवर, तापमानाचा, वाऱ्याचा व बाष्पाचा एकेकच आकडा धरतात. चौकटीच्या आत पडणारा फरक मॉडेलला दिसत नाही, आणि सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील मराठवाड्याचे सारे दुखणे नेमके अशा फरकात असल्यामुळे या पेशाचा इतिहास संभाजीनगरच्या बाजूने पाहणे अगत्याचे ठरते.

संगणक येण्यापूर्वी मान्सूनचा अंदाज जुळणाऱ्या आकड्यांच्या आधारे बांधला जाई. ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ हेन्री ब्लॅनफर्ड यांनी 1886 मध्ये हिमालयातील बर्फावरून मोसमाचा पहिला अधिकृत अंदाज दिला. 1904 ते 1924 या काळात वेधशाळांचे महासंचालक असलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या नोंदी गोळा करून, हाताने आकडेमोड करणाऱ्या भारतीय कर्मचाऱ्यांच्या बळावर, दूरदूरच्या प्रदेशांतील वायुदाबाचे मान्सूनशी असलेले नाते शोधले. 1928 मध्ये हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. पुढे वसंत गोवारीकर यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले, 16 घटकांवर आधारलेले सांख्यिकी मॉडेल 1988 पासून वापरात आले. या पद्धतीला पाऊस का पडतो हे ठाऊक असण्याची गरज नव्हती. पूर्वी जे एकत्र घडले ते पुन्हा एकत्र घडेल, एवढेच तिचे गृहीतक होते. शिवाय तिचे उत्तर साऱ्या देशासाठी मिळून एकच आकडा असे, ज्याचा पैठण किंवा वैजापूरच्या पेरणीला फारसा उपयोग नव्हता. 2002 च्या जुलैत देशभरचा पाऊस सरासरीच्या जवळपास निम्म्यावर आला आणि हे कोणत्याही अंदाजात नव्हते, तेव्हा या पद्धतीची मर्यादा उघड झाली.

पावसाने मधेच ओढ का द्यावी, या प्रश्नाला शास्त्रीय प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत सुलोचना गाडगीळ यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. 1944 मध्ये पुण्यात जन्मलेल्या गाडगीळ फर्ग्युसन महाविद्यालयातून हार्वर्डला गेल्या, तेथे उपयोजित गणितात डॉक्टरेट मिळवून 1970 च्या दशकाच्या आरंभी भारतात परतल्या, काही काळ पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत राहिल्या आणि नंतर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. हवामानशास्त्रज्ञ डी. आर. सिक्का यांच्यासह 1980 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी उपग्रहांच्या दैनंदिन छायाचित्रांवरून दाखवून दिले की विषुववृत्ताजवळ हिंदी महासागरावर तयार होणारा ढगांचा पट्टा काही आठवड्यांच्या अंतराने उत्तरेकडे सरकत भूभागावर येतो. पावसाचे सत्र आणि पावसाचा खंड हे या एकाच हालचालीचे दोन भाग ठरल्याने मॉडेलच्या परीक्षेची कसोटीही बदलली: मोसमाची बेरीज बरोबर येणे पुरेसे नव्हते, ढगांच्या पट्ट्याची ही वाटचाल मॉडेलमध्ये उमटायला हवी होती. 1998 मध्ये गाडगीळ व एस. साजनी यांनी जगभरच्या 30 मॉडेलांनी काढलेला मान्सूनचा पाऊस तपासला, तेव्हा अनेक मॉडेलांना भारताच्या भूमीवरील पाऊसच नीट साधत नसल्याचे दिसले. मॉडेलवर विश्वास ठेवण्यापूर्वी त्याला आपल्या पावसाशी ताडून पाहण्याची ही शिस्त, या पेशाला लाभलेली सर्वांत मोलाची देणगी मानली पाहिजे.

2012 मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या मान्सून मिशनने अमेरिकेत तयार झालेले, वातावरण आणि महासागर यांची सांगड घालणारे मॉडेल पुण्यात आणले. त्यात भारताच्या भूमीवर प्रत्यक्षापेक्षा कमी पाऊस पडे, आणि शतकभराच्या गणितासाठी ते अपुरे होते, कारण वातावरणाच्या माथ्यावर येणाऱ्या व जाणाऱ्या ऊर्जेचा ताळमेळ त्यात बसत नव्हता. असा छोटा फरकही शंभर वर्षे साचत गेला की मॉडेलमधील पृथ्वी आपोआप तापू किंवा थंडावू लागते. पुण्याच्या संस्थेतील आर. कृष्णन, पी. स्वप्ना व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हिशेब दुरुस्त करून, समुद्रातील जीवरासायनिक प्रक्रिया व सागरी बर्फ यांची भर घालून भारतातील पहिले पृथ्वीप्रणाली मॉडेल उभे केले. असे मॉडेल आधी औद्योगिकीकरणापूर्वीच्या स्थितीत शेकडो मॉडेल-वर्षे चालवून स्थिर करतात, मग 1850 ते 2014 चा इतिहास त्याच्याकडून वदवून घेतात आणि नंतरच भविष्याकडे वळतात. हवामानबदलावरील आंतरशासकीय मंडळाच्या सहाव्या अहवालासाठी झालेल्या जागतिक प्रयोगमालेत या मॉडेलचे निष्कर्ष समाविष्ट झाले.

परंतु या मॉडेलमधील वातावरणाची चौकट सुमारे 200 किलोमीटर लांब व तितकीच रुंद, म्हणजे 40 हजार चौरस किलोमीटरांची होती, तर मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांचे क्षेत्र 65 हजारांच्या आत आहे. साऱ्या मराठवाड्याच्या वाट्याला दोन चौकटीही येत नाहीत, आणि मुंबई व संभाजीनगर यांच्यातील तीनशे किलोमीटरांहून कमी हवाई अंतरात सह्याद्रीची भिंत सपाट होऊन जाते. शतकाच्या गणिताला चौकट मोठीच ठेवावी लागते. ती निम्म्या लांबीची केली तर चौकटींची संख्या चौपट होते, काळाचे टप्पेही दुप्पट घ्यावे लागतात आणि गणित आठपट वाढते.

काही दिवसांच्या अंदाजासाठी मात्र चौकट झपाट्याने लहान झाली. 2018 मध्ये आलेल्या ‘प्रत्युष’ या महासंगणकावर 12 किलोमीटरांच्या चौकटीचे अंदाज मिळू लागले, आणि 2024 मध्ये आलेल्या ‘अर्का’च्या आधारे 2025 च्या मे महिन्यात 6 किलोमीटरांची प्रणाली कार्यान्वित झाली. महाराष्ट्रात काही गावे मिळून होणारी महसूल मंडळे दोन हजारांहून अधिक असल्याने एका मंडळाचे सरासरी क्षेत्र दीडशे चौरस किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ 12 किलोमीटरांच्या चौकटीएवढेच येते. चोवीस तासांत 65 मिलिमीटर पाऊस पडून अतिवृष्टी झाली की नाही हे मंडळाच्या पातळीवर ठरते, आणि नुकसानभरपाईचा हक्कही तिथल्या नोंदीवर अवलंबून असतो. तथापि 6 किलोमीटरांच्या चौकटीतही एकेकटा ढग सुटा दिसत नाही. तो अंदाजी सूत्रांनी धरावा लागतो. ती सूत्रे सुधारायची तर मंडळातील पर्जन्यमापकांच्या नोंदी विनाखंड आणि विश्वासार्ह असाव्या लागतात, म्हणून मॉडेलकाराच्या कामाचा मोठा हिस्सा आजही अशा नोंदी तपासण्यात जातो.