एकच पक्ष, दोन तिजोऱ्या : केंद्र-राज्य आर्थिक संबंध (१९५०–१९६९)

प्रस्तावना

शाळा, दवाखाने, पोलीस, पाटबंधारे, शेती ही कामे आपल्या राज्यघटनेने राज्यांकडे सोपवली आहेत. प्राप्तिकर, सीमाशुल्क, उत्पादन शुल्क यांसारखे वाढते उत्पन्न देणारे कर मात्र केंद्राकडे आहेत. त्यामुळे केंद्राकडून पैसा आल्याशिवाय राज्यांचा गाडा चालत नाही. हा पैसा कोणत्या नियमाने यावा आणि तो नियम कोणी ठरवावा, हा भारतीय संघराज्याचा मूळ प्रश्न आहे.

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून १९६७ पर्यंत केंद्रात आणि बहुतेक राज्यांत काँग्रेस पक्षाची सरकारे होती. या काळात केंद्र आणि राज्ये यांच्यात पैशावरून उघड भांडणे फारशी झाली नाहीत, असे नेहमी सांगितले जाते. ते बरेचसे खरे आहे. पण भांडणे कमी का होती आणि त्या शांततेची किंमत काय होती, हे प्रश्न या पाठात आपण पाहणार आहोत.

१. राज्यघटनेतील चौकट

पैशाच्या वाटपासाठी घटनाकारांनी अनुच्छेद २८० खाली वित्त आयोगाची तरतूद केली. दर पाच वर्षांनी, किंवा गरज पडल्यास त्याआधी, राष्ट्रपती हा आयोग नेमतात. केंद्रीय करांतील राज्यांचा वाटा किती असावा आणि अनुच्छेद २७५ खाली कोणत्या राज्याला किती अनुदान द्यावे, याची शिफारस आयोग करतो. घेणाऱ्याने मागू नये आणि देणाऱ्याने मर्जीने देऊ नये, दोघांच्या मध्ये तटस्थ पंच असावा, असा यामागचा विचार होता.

घटनेत आणखी दोन तरतुदी होत्या. अनुच्छेद २८२ नुसार केंद्राला कोणत्याही सार्वजनिक प्रयोजनासाठी अनुदान देता येते. अनुच्छेद २९३ नुसार केंद्राचे कर्ज डोक्यावर असलेल्या राज्याला नवे कर्ज उभारण्यापूर्वी केंद्राची संमती घ्यावी लागते. अनुच्छेद २८२ ही अपवादात्मक प्रसंगांसाठी ठेवलेली तरतूद आहे, असे अनेक घटनातज्ज्ञ मानत. प्रत्यक्षात याच बाजूच्या दारातून मोठा पैसा जाऊ लागला.

२. नियोजनाचा दुसरा मार्ग

१५ मार्च १९५० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या ठरावाने नियोजन आयोग स्थापन झाला. त्याला घटनेचा आधार नव्हता आणि संसदेच्या कायद्याचाही नव्हता. पंतप्रधान त्याचे अध्यक्ष असत. पंचवार्षिक योजना सुरू झाल्यावर राज्यांच्या विकासखर्चाचे आकडे दिल्लीत या आयोगाशी बसून ठरू लागले आणि त्यासाठीची अनुदाने अनुच्छेद २८२ खाली दिली जाऊ लागली. त्यांच्या जोडीला केंद्राची कर्जे आली. कर्जे धरून हिशेब केला, तर वित्त आयोगाच्या कक्षेबाहेरून राज्यांना जाणारी रक्कम आयोगामार्फत जाणाऱ्या रकमेपेक्षा मोठी होती.

परिणामी पंच बाजूला राहिला आणि देणारा व घेणारा समोरासमोर बसले. एरवी राज्यांनी याला हरकत घेतली असती. पण मुख्यमंत्री आणि पंतप्रधान एकाच पक्षाचे होते. बिधानचंद्र रॉय, गोविंद वल्लभ पंत, के. कामराज, यशवंतराव चव्हाण यांच्यासारख्या वजनदार नेत्यांना नियमाची गरज फारशी भासत नव्हती. त्यांचे म्हणणे पक्षाच्या बैठकीत ऐकले जाई. घरचा मामला घरातच मिटत असे, आणि घरात मिटलेल्या गोष्टीची नोंद विधानसभेच्या कामकाजात सापडत नाही.

३. दोन निर्णय

या व्यवस्थेत राज्यांनी काय गमावले, ते दोन उदाहरणांवरून कळते.

*विक्रीकर (१९५६-५७).* विक्रीकर हा राज्यांचा स्वतःचा, हक्काचा आणि वाढता कर होता. डिसेंबर १९५६ मध्ये राष्ट्रीय विकास परिषदेत असे ठरले की गिरणीचे कापड, साखर आणि तंबाखू यांवर राज्यांनी विक्रीकर घेऊ नये. त्याऐवजी केंद्राने अतिरिक्त उत्पादन शुल्क बसवावे आणि ते राज्यांत वाटावे. १९५७ मध्ये तसा कायदा झाला. देशभर एकसारखा कर आणि कमी करचुकवेगिरी हा त्यामागचा हेतू चुकीचा नव्हता. पण आता कराचा दर ठरवणे केंद्राच्या हाती गेले. हे शुल्क पुरेसे वाढवले जात नाही, अशी तक्रार राज्ये पुढे सतत करत राहिली.

परिषदेत पंतप्रधान, मुख्यमंत्री आणि नियोजन आयोगाचे सदस्य बसत. तीही मंत्रिमंडळाच्या ठरावानेच, १९५२ मध्ये, स्थापन झाली होती. राज्याची घटनादत्त करसत्ता अशा मंडळात झालेल्या सहमतीने बाजूला ठेवली गेली, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावी.

*कंपन्यांचा प्राप्तिकर (१९५९).* घटनेनुसार प्राप्तिकराचे उत्पन्न राज्यांबरोबर वाटून घ्यायचे होते, निगम कराचे नव्हे. १९५९ च्या वित्त अधिनियमाने कंपन्या भरत असलेला प्राप्तिकर निगम कराच्या सदरात गेला आणि वाटपातून बाहेर पडला. उद्योगीकरणाच्या काळात वाढणार होते ते नेमके हेच उत्पन्न. प्राप्तिकरातील राज्यांचा वाटा पाहा : पहिल्या वित्त आयोगाने ५५ टक्के, दुसऱ्याने ६० टक्के, तिसऱ्याने ६६⅔ टक्के आणि चौथ्याने ७५ टक्के सुचवला. नुसती टक्केवारी वाचणाऱ्याला वाटेल की राज्यांचे भले होत गेले. पण टक्के ज्या राशीवर मोजायचे, ती राशच मध्ये लहान केली गेली होती. राज्यांनी तिसऱ्या आयोगापुढे याविषयी नाराजी मांडली, तरी तो राजकीय संघर्षाचा विषय झाला नाही.

४. आयोगांचे इशारे

ही पद्धत धोक्याची आहे, हे जाणकारांना दिसत होते. दुसऱ्या वित्त आयोगाचे अध्यक्ष के. संतानम यांनी नंतर असे मत मांडले की, नियोजनामुळे देश अनेक बाबतींत एकात्म राज्यासारखा चालू लागला आहे.

ए. के. चंदा यांच्या अध्यक्षतेखालील तिसऱ्या आयोगाने १९६१ मध्ये बहुमताने सुचवले की, राज्यांच्या योजनांतील महसुली खर्चाचा ७५ टक्के भाग वित्त आयोगाच्या अनुदानातून मिळावा. म्हणजे मर्जीचा पैसा नियमाखाली यावा. सदस्य-सचिवांनी याविरुद्ध भिन्नमत नोंदवले, आणि सरकारने बहुमत बाजूला ठेवून ते भिन्नमत मान्य केले. त्यासाठी एकाही राज्याने आकाशपाताळ एक केले नाही.

चौथ्या आयोगाचे अध्यक्ष पी. व्ही. राजमन्नार हे मद्रास उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती होते. १९६५ च्या अहवालाला स्वतंत्र टिपण जोडून त्यांनी वित्त आयोग आणि नियोजन आयोग यांची कार्यक्षेत्रे स्पष्ट करण्याची गरज मांडली. हे टिपणही अहवालातच राहिले.

५. १९६७ नंतर

१९६७ च्या निवडणुकीत आठ राज्यांत काँग्रेसला बहुमत मिळाले नाही. मद्रासमध्ये सी. एन. अण्णादुराई, पश्चिम बंगालमध्ये अजय मुखर्जी, केरळमध्ये ई. एम. एस. नंबुद्रिपाद मुख्यमंत्री झाले. आकडे, अनुच्छेद आणि आयोग तेच होते. बदलले होते ते टेबलापलीकडचे लोक. आता प्रत्येक अनुदानाबाबत प्रश्न येऊ लागला : कोणत्या नियमाने? याचे लेखी उत्तर फार थोड्या बाबतींत उपलब्ध होते.

ओव्हरड्राफ्टचे उदाहरण घेऊ. रिझर्व्ह बँकेतील खात्यात पैसे नसताना राज्याने मर्यादेपलीकडे रक्कम उचलली, तर केंद्र तात्पुरती मदत देऊन ते खाते साफ करत असे. ही मदत कोणाला, केव्हा आणि किती, याचा काटेकोर नियम नव्हता. त्यामुळे मदत मिळाली तरी पक्षपाताचा संशय आणि नाकारली तरी पक्षपाताचा संशय. सात सलग कामकाजाच्या दिवसांपलीकडे ओव्हरड्राफ्ट राहिल्यास बँकेने देयके थांबवावीत, हा नियम यायला १९८५ उजाडले.

१९६९ मध्ये तामिळनाडूतील द्रमुक सरकारने केंद्र-राज्य संबंधांच्या अभ्यासासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष तेच राजमन्नार होते. १९७१ च्या अहवालात समितीने वित्त आयोग कायमस्वरूपी करण्याची मागणी केली.

६. गाडगीळ सूत्र

या पार्श्वभूमीवर नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष धनंजयराव गाडगीळ यांचे काम महत्त्वाचे ठरते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संस्थापक-संचालक असलेले गाडगीळ १९६७ मध्ये या पदावर आले. योजनेसाठीची केंद्रीय मदत त्यांनी सूत्रात बांधली आणि १९६९ मध्ये राष्ट्रीय विकास परिषदेने ते सूत्र स्वीकारले. आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर यांच्या गरजा आधी बाजूला काढून उरलेली रक्कम अशी वाटायची होती :

* लोकसंख्या : ६० टक्के
* राष्ट्रीय सरासरीपेक्षा कमी दरडोई उत्पन्न : १० टक्के
* करवसुलीचा प्रयत्न : १० टक्के
* चालू असलेले मोठे पाटबंधारे व वीज प्रकल्प : १० टक्के
* राज्यांच्या विशेष समस्या : १० टक्के

मदतीत ३० टक्के अनुदान आणि ७० टक्के कर्ज असे प्रमाण होते. या सूत्रावर टीका पुष्कळ झाली. गरीब राज्यांना ते पुरेसे झुकते माप देत नाही, हा आक्षेप रास्त आहे. तरीही आपल्याला किती मिळेल हे विरोधी पक्षाचा मुख्यमंत्रीही आता कागद-पेन्सिल घेऊन काढू शकत होता. नियोजन सुरू होऊन जवळपास दोन दशके झाल्यावर हे सूत्र आले, तेही एकपक्षीय वर्चस्व मोडल्यानंतर, ही गोष्ट योगायोगाची मानता येत नाही.

७. मूल्यमापन

या काळाला एकाच रंगात रंगवणे योग्य नाही. निवडणुका खुल्या होत्या. वित्त आयोगाच्या मुख्य शिफारशी स्वीकारण्याचा संकेत याच काळात रुजला. मुख्यमंत्र्यांना स्वतःचा जनाधार असल्याने त्यांचा शब्द दिल्लीत मोजला जाई. शिवाय वेगळ्या पक्षाचे सरकार आले की खर्चाला आपोआप शिस्त लागते, असेही दिसत नाही. १९६७ नंतर ओव्हरड्राफ्ट दोन्ही प्रकारच्या राज्यांत वाढले.

धोका अधिक खोल होता. पक्षांतर्गत समजूत जोवर टिकते, तोवर संस्थांची उणीव जाणवत नाही. शिवाय मुख्यमंत्र्याचे वजन कमी झाले की ती समजूतही एकतर्फी होते. आंध्र प्रदेशात १९७८ ते १९८३ या काळात एकाच पक्षाचे चार मुख्यमंत्री झाले. ज्याचे पद दिल्लीच्या इच्छेवर टिकते, तो राज्याच्या वाट्यासाठी दिल्लीशी किती भांडणार?

८. पुढील वाटचाल

आंतरराज्य परिषदेची तरतूद अनुच्छेद २६३ मध्ये १९५० पासून होती, पण सरकारिया आयोगाच्या शिफारशीनंतर १९९० मध्ये ती स्थापन झाली. निगम करासह केंद्रीय करांचे एकत्रित उत्पन्न वाटपात आणणारी ८० वी घटनादुरुस्ती २००० मध्ये झाली. हे दोन्ही बदल केंद्रात आघाडी सरकारांच्या काळात झाले.

२०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला. त्याच्या परिषदेत केंद्राच्या मताला एक-तृतीयांश आणि सर्व राज्यांच्या मतांना मिळून दोन-तृतीयांश वजन आहे. निर्णयाला तीन-चतुर्थांश बहुमत लागते. म्हणजे उपस्थित राज्यांपैकी ६२.५ टक्के राज्ये केंद्राबरोबर असतील तर ठराव मंजूर होतो, आणि केंद्राच्या विरोधात सारी राज्ये एकत्र आली तरी होत नाही. परिषदेचे बहुतेक निर्णय आजवर सहमतीने झाले आहेत. ती सहमती चर्चेतून आली की पक्षनिष्ठेतून, हे तपासण्याची दृष्टी १९५६ चा विक्रीकराचा निर्णय आपल्याला देतो.

स्वाध्याय

१. अनुच्छेद २७५ आणि अनुच्छेद २८२ खालील अनुदानांतील फरक स्पष्ट करा.
२. प्राप्तिकरातील वाटा ५५ वरून ७५ टक्क्यांवर गेला, तरी राज्ये असमाधानी का होती?
३. गाडगीळ सूत्रातील तुमच्या राज्याला अनुकूल आणि प्रतिकूल निकष कोणते? कारणे द्या.
४. 'एकपक्षीय वर्चस्वामुळे केंद्र-राज्य संघर्ष टळला नाही, तो पुढे ढकलला गेला.' या विधानाची चर्चा करा.