बी कोणाच्या हातचं?

आज 1 जुलै, कृषी दिन. माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांचा हा जन्मदिवस. पेरण्या कुठं चालू आहेत, कुठं उरकल्यात, आणि घराघरात बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या पडल्यात. आज त्या पिशवीचा इतिहास सांगते. तो आपल्या जालन्यातूनच जातो.

घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा, 'मिलो' आठवते का? 1965 आणि 1966 अशी लागोपाठ दोन वर्षं पावसानं देशाला दगा दिला. अमेरिकेहून जहाजांनी धान्य यायचं, तेव्हा रेशनच्या दुकानात माल दिसायचा. ती लाल ज्वारी म्हणजे मिलो. तिची भाकरी कुणाला आवडायची नाही, पण पोरांना दुसरं द्यायला काही नव्हतं. पुढं 1972 चा दुष्काळ आला. आपल्या आज्या, सासवा खडी फोडायला गेल्या आणि सुकडीवर दिवस काढले. धान्य कमी पडणं म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही.

त्याच काळात शास्त्रज्ञ नवीन वाण काढत होते. 1964 मध्ये ज्वारीचा पहिला संकरित वाण, सीएसएच-1, आला. 1965 मध्ये बाजरीचा एचबी-1 आला. खतपाणी मिळालं तर जुन्या वाणांपेक्षा दाणे खूप जास्त उतरायचे. पण वाण संशोधन केंद्रात तयार झाला म्हणजे गावात पोचला असं होत नाही. एवढं बियाणं करणार कोण आणि पोचवणार कोण?

हे काम जालन्यात एका माणसानं हाती घेतलं. बद्रीनारायण बारवाले हे मूळचे हिंगोलीचे, निजामाविरुद्धच्या लढ्यात उतरलेले. दिल्लीच्या संशोधन संस्थेनं 'पुसा सावनी' नावाची भेंडी काढली होती. हळद्या रोगाला ती लवकर बळी पडत नव्हती. त्या भेंडीच्या बियाण्यापासून त्यांनी सुरुवात केली आणि 1964 मध्ये 'महिको' कंपनी काढली. शेतकऱ्यांच्या रानात बीजोत्पादनाचे प्लॉट लावायचे आणि तयार झालेलं बी देशभर पाठवायचं, अशी ती पद्धत. 1998 मध्ये बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बुटक्या गव्हामुळं जगाला माहीत झालेले नॉर्मन बोरलॉग यांनी सुरू केलेला हा पुरस्कार. तो जालन्यात आला, याचा आपल्याला अभिमान आहेच.

पण मला पुढचं सांगायचंय. संकरित बी म्हणजे दोन वेगळ्या वाणांचं लग्न. ज्वारी-बाजरीत नर आणि मादी वाणांच्या ओळी शेजारी लावल्या की वारा आपलं काम करतो. कपाशीचं तसं नाही. 1970 मध्ये सुरतच्या केंद्रातून डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-4 हा संकरित कापूस दिला, आणि त्याचं बी हातानंच करावं लागलं. उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर ओळखायची. पाकळ्या आणि पुंकेसर नखानं सोलून काढायचे, पण आतल्या नाजूक भागाला इजा होऊ द्यायची नाही. वर कागदाची पुडी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाचं फूल त्यावर अलगद फिरवायचं आणि खुणेचा दोरा बांधायचा. एकेका फुलाला असं दोनदा हात लावायचा, आणि हे महिनाभर रोज चालतं. हे काम बहुतेक करून बायाच करतात. आजही आपल्याकडं शेडनेटमध्ये मिरची, टोमॅटोचं 'क्रॉसिंग' करणाऱ्या कितीतरी जणी हा कार्यक्रम ऐकत असतील. पिशवीवर वाणाचं नाव असतं, तुमचं नसतं.

आता दुसरी बाजू. हायब्रीड ज्वारीनं पोट भरलं, पण तिची भाकरी मालदांडीसारखी नाही, असं बाया तेव्हापासून म्हणत आल्या. ताटं बुटकी, म्हणून कडबा कमी. काढणीच्या वेळी पाऊस आला की दाणा काळा पडायचा. बाजरीच्या सुरुवातीच्या संकरित वाणांवर गोसावी रोग आला, तेव्हा पुन्हा नवे वाण शोधावे लागले.

आणि एक गोष्ट हळूच आपल्या हातातून गेली. माझी आजी खळ्यावर भरदार कणसं वेगळी काढायची आणि आढ्याला टांगायची. तुरीच्या बियाला राख चोळून मडक्यात लिंबाचा पाला घालायची. पुढच्या वर्षी काय पेरायचं, हे तिच्या मडक्यावर ठरायचं. संकरित बी असं राखता येत नाही. ते पुन्हा पेरलं तर एक झाड आजोबावर जातं, दुसरं आत्यावर. पीक एकसारखं येत नाही. म्हणून दरवर्षी दुकान गाठावं लागतं. 2002 मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली, तीही संकरित वाणांतूनच आली. आज बचत गटाच्या जूनच्या बैठकीत कर्ज कशाला हवं विचारलं, की पहिलं उत्तर येतं, 'बियाण्याला'.

मग काय, दुकान सोडायचं? नाही. कपाशीचं, संकरित बाजरीचं बी विकतच घ्यावं लागेल. पण सोयाबीन, हरभरा, गहू हे सरळ वाण आहेत. प्रमाणित बियाण्यापासून आलेलं धान्य पुढची दोन वर्षं बी म्हणून वापरता येतं. सोयाबीनचं टरफल नाजूक असतं, म्हणून पोती आपटू नका, उंच थप्पी लावू नका. काढणीला भिजलेलं बियाला ठेवू नका. पेरणीआधी 100 दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करून सावलीत ओलं ठेवा आणि आठवड्यानं मोजा. 70 किंवा जास्त उगवले तर बी चांगलं.

सोयाबीन दिवाळीच्या आधी निघेल. सप्टेंबरच्या बैठकीत एक विषय जास्त घ्या: यंदा कुणाच्या रानातलं बी ठेवायचं, आणि कुणाच्या घरी. जी बाई दुसऱ्याच्या प्लॉटवर फुलाफुलातून बी तयार करते, तिला आपल्या घरचं दोन पोती बी सांभाळणं अवघड नाही.