मत्स्यालय, बिनतापकाचे

कृत्रिम उष्णता न देता, केवळ खोलीतील हवेच्या तापमानावर ज्यात शोभेचे मासे पाळले जातात, अशा काचेच्या टाकीस बिनतापकाचे मत्स्यालय म्हणतात. माशांच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्याप्रमाणे बदलते. पाणी थंड झाले, की त्यांची भूक मंदावते, हालचाल कमी होते व रोगप्रतिकारशक्ती क्षीण होते. यामुळे कोणत्या प्रदेशात कोणते मासे घरी जगू शकतील, हे प्रदीर्घ काळ तेथील हवामानानेच ठरविले.

इतिहास : चीनमध्ये सुंग राजवटीच्या काळात (९६०–१२७९) सोनमाशाची पैदास होत होती. हा मासा समशीतोष्ण प्रदेशातील असून बर्फाचा थर साचलेल्या तळ्यातही तळाशी जिवंत राहतो. सोळाव्या शतकात तो जपानमध्ये व सतराव्या शतकात यूरोपात पोहोचला, याचे एक कारण त्याची ही सहनशीलता होय. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी लंडनमध्ये मासे व पाणवनस्पती यांचा समतोल साधणारी टाकी सिद्ध केली. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले. आरंभीच्या टाक्यांत मुख्यतः त्याच प्रदेशातील तळ्यांचे व समुद्रकिनाऱ्यांचे जीव असल्याने तापकाचा प्रश्न फारसा उद्भवला नाही. १८६९ मध्ये पूर्व आशियातील पॅराडाइज मासा पॅरिसला आला व प्येर कार्बोन्ये यांनी त्याची पैदास केली. हा मासा पृष्ठभागावर येऊन हवा घेतो व थंड पाणीही सोसतो. पुढे उष्ण कटिबंधातील नाजूक मासे येऊ लागले, तेव्हा टाकीखाली दिवा किंवा वायूची ज्योत ठेवण्याची पद्धत निघाली. विसाव्या शतकात तापमान-नियंत्रक जोडलेले विजेचे तापक प्रचारात आल्यावर ही अडचण दूर झाली.

यूरोपात आयात झालेल्या माशांपैकी अनेकांचे मूळ भारतात आहे. झेब्रा मासा व रोझी बार्ब यांचे शास्त्रीय वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टन यांच्या गंगेतील माशांवरील ग्रंथात (१८२२) आढळते. हे दोन्ही मासे मध्यम थंडीत तापकाशिवाय तग धरतात. महाराष्ट्रात मत्स्यालयांविषयी लोकांत आवड निर्माण करण्यात मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाचा (१९५१) वाटा मोठा आहे.

सिंधुदुर्गातील स्थिती : मालवण व वेंगुर्ले येथे समुद्रसान्निध्यामुळे रात्र व दिवस यांच्या तापमानांतील फरक कमी असतो व कडाक्याची थंडी पडत नाही. गप्पी, मोली, एंजल इ. मासे तेथे सामान्यतः तापकाविना वाढतात. उलट, सोनमाशास एप्रिल-मे महिन्यांतील ऊष्मा त्रासदायक ठरतो. २०° से. तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सु. ९ मिग्रॅ. ऑक्सिजन विरघळू शकतो. ३०° से. तापमानास हे प्रमाण सु. ७·५ मिग्रॅ. एवढेच उरते, तर माशाची ऑक्सिजनची गरज मात्र वाढते. अर्थात किनाऱ्यावर बिनतापकाच्या टाकीची कसोटी हिवाळ्यात नसून उन्हाळ्यात लागते.

कोकण कृषी विद्यापीठाच्या कुडाळ तालुक्यातील मुळदे येथील केंद्रात शोभिवंत माशांच्या संवर्धनाचे कार्य झाले आहे. किनाऱ्यावरील रहिवाशांना उपजीविका मिळावी म्हणून राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठाननेही या व्यवसायास उत्तेजन दिले. मात्र कोकणातील उबदार पाण्यात वाढलेला मासा डिसेंबर-जानेवारीत घाटमाथ्यावर पुणे वा नाशिककडे नेल्यास त्याला एकाएकी थंडी सोसावी लागते. नाशिक जिल्ह्यातील निफाडचे तापमान काही वर्षी ५° से.च्याही खाली उतरले आहे. अशा वेळी अंगावर पांढरे ठिपके उठविणाऱ्या परजीवी आदिजीवाचा प्रादुर्भाव होतो व पुष्कळदा सर्व टाकी रिकामी होते. मंद थंडीपेक्षा तापमानातील आकस्मिक घट अधिक घातक असते.

निगा : मोठ्या टाकीतील पाणी सावकाश थंड होते, म्हणून लहान भांड्यापेक्षा ती श्रेयस्कर. टाकी दार-खिडकीपासून दूर ठेवून तळाशी व मागे थर्मोकोल लावतात आणि वर झाकण घालतात. खाद्य कमी देतात, कारण न खाल्लेले अन्न कुजून पाणी बिघडते. बदलावयाचे पाणी आदल्या दिवशी त्याच खोलीत भरून ठेवतात. नवा मासा पिशवीसह टाकीत काही वेळ तरंगत ठेवून मग सोडतात.

स्थानिक मासे : सह्याद्रीतील थंड, वाहत्या पाण्याचे मासे बिनतापकाच्या टाकीस योग्य, असा समज होण्याचा संभव आहे. परंतु त्यांना गारव्याबरोबरच प्रवाह व विपुल ऑक्सिजन लागतो. आंबोली येथील हिरण्यकेशीच्या उगमाजवळ आढळलेल्या शिस्टुरा हिरण्यकेशी या माशाचे वर्णन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. स्थानिक लोक त्यास ‘देवाचा मासा’ म्हणतात. २०२१ मध्ये हे स्थान जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित करण्यात आले. इतक्या मर्यादित क्षेत्रातील जाती हौसेखातर पकडल्या गेल्यास नामशेष होण्याचा धोका आहे. मालवणच्या सागरी अभयारण्यातील (१९८७) प्रवाळ व समुद्रघोडे यांनाही वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे संरक्षण आहे. तापकाविना मासे पाळावयाचे, तर त्या खोलीचे बारमाही तापमान पाहून पैदास केंद्रातील अनुरूप जातीच निवडणे, हाच निर्धोक मार्ग होय.