बेनिफिट्स डिलिव्हरी ॲट डिस्चार्ज

बेनिफिट्स डिलिव्हरी ॲट डिस्चार्ज (संक्षेप : बीडीडी) : अमेरिकेच्या संरक्षण दलांतील व्यक्तीला सेवेत असतानाच अपंगत्व भरपाईचा दावा दाखल करू देणारी योजना. ती तेथील माजी सैनिकांचे खाते (व्हेटरन्स अफेअर्स, व्हीए) चालवते. वेतन बंद होणे आणि भरपाई सुरू होणे यांमधील खंड कमी करणे, हा तिचा हेतू.

पात्रता व मुदत : सेवामुक्तीची तारीख निश्चित असलेल्या, पूर्णवेळ सक्रिय सेवेतील व्यक्तीला त्या तारखेपूर्वी १८० ते ९० दिवसांच्या दरम्यान हा दावा करता येतो. नॅशनल गार्ड व राखीव दलांतील पूर्णवेळ सेवेवर असलेलेही पात्र असतात. दावा केल्यापासून ४५ दिवस व्हीएच्या तपासण्यांसाठी उपलब्ध राहावे लागते. ९० दिवसांहून कमी काळ उरला असल्यास दावा नेहमीच्या पद्धतीने चालतो. दुखापतीमुळे वा आजारामुळे सेवेस अपात्र ठरण्याची शक्यता असलेल्यांसाठी एकात्मिक अपंगत्व मूल्यमापन (आयडीईएस) ही वेगळी व्यवस्था आहे.

दाव्याचा आधार : सामान्यतः तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : सध्याचे निदान; सेवाकाळातील घटना, दुखापत वा आजार; आणि या दोहोंमधील वैद्यकीय संबंध. इराक-अफगाणिस्तानातील उघड्या कचराभट्ट्यांच्या धुरासारख्या विषारी संपर्कातून उद्भवणाऱ्या अनेक विकारांबाबत हा संबंध २०२२ च्या ‘पॅक्ट’ कायद्याने गृहीत धरला आहे.

पूर्वतयारी : सेवाकाळातील वैद्यकीय नोंदींची प्रत, आरोग्याच्या स्वयंमूल्यांकनाचा अर्ज आणि ‘२१-५२६ईझेड’ हा दाव्याचा अर्ज, ही मुख्य कागदपत्रे. मोहिमेतून वगळले जाऊ नये किंवा बढती अडू नये म्हणून सैनिक अनेकदा दुखणे अंगावर काढतात. अशा दुखण्याची नोंद दप्तरी नसते आणि दाव्याची दुसरी बाजू, म्हणजे सेवाकाळातील घटनेचा पुरावा, लंगडी पडते. म्हणून गुडघे, पाठ, झोप, मानसिक ताण यांविषयीच्या तक्रारी सेवेत असतानाच लष्करी डॉक्टरांकडे नोंदवणे महत्त्वाचे असते. कानात सतत आवाज येणे हा भरपाई मिळणाऱ्या विकारांत सर्वांत जास्त आढळणारा विकार आहे. तो कोणत्याही यंत्रावर दिसत नाही; त्यामुळे अशा बाबतीत स्वतःच्या व सहकाऱ्यांच्या लेखी निवेदनांना मोल येते. सहकारी एकाच तुकडीत असेपर्यंत ती मिळवणे सोपे जाते.

मूल्यमापन : प्रत्येक विकाराला ० ते १०० टक्के असा दर्जा दिला जातो. अनेक विकारांचे टक्के सरळ बेरजेने मिळवत नाहीत. दुसरा दर्जा उरलेल्या क्षमतेवर लावतात. उदा., ५० व ३० टक्के यांचे एकत्रित मूल्य ६५ होते आणि ते ७० टक्के धरले जाते. दहा टक्क्यांपासून दरमहा करमुक्त रक्कम मिळते. शून्य टक्के दर्जा मिळाला तर रक्कम मिळत नाही. मात्र विकार सेवाजन्य असल्याचे मान्य होते आणि पुढे तो बळावल्यास वाढीव दर्जा मागता येतो.

साहाय्य व खर्च : अमेरिकन लीजन, डिसेबल्ड अमेरिकन व्हेटरन्स यांसारख्या संघटनांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी विनामूल्य मदत करतात. पहिला दावा तयार करण्यासाठी शुल्क घेण्यास कायद्याने मनाई आहे.

बीडीडीची मुदत हुकली तरी भरपाईचा हक्क जात नाही. सेवामुक्तीनंतर एक वर्षाच्या आत केलेला दावा मंजूर झाल्यास हक्क सेवामुक्तीच्या दुसऱ्या दिवसापासून लागू होतो. त्यानंतर केलेल्या दाव्यात तो सामान्यतः दावा दाखल झाल्याच्या तारखेआधी लागू होत नाही.