के-10 समभाग प्रकरण
मुंबई शेअर बाजारातील 2001 चा गैरव्यवहार. दलाल केतन पारेख यांनी भाव फुगवलेल्या, ‘के-10’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या पसंतीच्या दहा समभागांत एचएफसीएल, सिल्व्हरलाइन, डीएसक्यू सॉफ्टवेअर, पेंटामीडिया ग्राफिक्स असे तंत्रज्ञान समभाग ठळक होते. अहमदाबादच्या माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँकेचा पैसा पुरेशा तारणाविना कर्जरूपाने या व्यवहारांत आला. नॅस्डॅकसह जगभरच तंत्रज्ञान समभाग कोसळले होते, मग दोष दलालाचा कसा, असा आक्षेप घेतला जातो. तो अपुरा आहे. मंदीने भाव उतरतात, परंतु ठेवीदारांचे पैसे अशा कर्जांत अडकले ते बँकेने नियम धाब्यावर बसवल्यामुळे. गुंतवणूकदाराच्या संशयाची खरी जागा भाव फुगवणारे हात आणि त्यांना पैसा पुरवणारी तिजोरी हीच आहे. मार्च 2001 मध्ये पारेख यांना अटक झाली. त्याच वर्षी जुलैत बाजार नियामक सेबीने सौदे पुढे ढकलण्याची बदला पद्धत बंद केली.