रणगाड्याचं अस्तर

प्लॅस्टिकचे रणगाडे जोडणाऱ्या हौशी माणसाच्या टेबलावर बहुतेक रणगाडे आधी करडे होतात. हिरवा, मातकट, पिवळा हे सगळं नंतर. हा करडा हात म्हणजे प्रायमर, आपल्या रंगाऱ्यांचं अस्तर. खिडकीच्या गजांना आधी रेड ऑक्साइड का मारतात, हे शेंबडं पोरही सांगेल: गंज चढू नये म्हणून. पण वीतभर प्लॅस्टिकला गंज कसला चढणार? तरी अस्तर त्याच्या अंगावर आलंच, आणि ते सरळ वाटेनं आलेलं नाही.

अस्तराचं मूळ घराणं लोखंडाचं. एकोणिसाव्या शतकात जहाजांना आणि पुलांना जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर फासत. तोच हा शेंदूर, शिशाचा ऑक्साइड, जो आपल्याकडे तेलातूनच मारुतीला आणि म्हसोबाला चढतो. तेल आणि शिसं यांच्या संयोगातून साबणाच्या जातीची संयुगं तयार होतात आणि ती गंजाला अडवतात. शेंदराच्या जोडीला लोहाचा ऑक्साइड होताच, म्हणजे गेरूच. गंजही लोहाचाच ऑक्साइड, हा त्यातला विनोद.

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रणगाड्यांचं अस्तर याच कुळातलं. जर्मनीत १९२७ साली ‘राल’ नावाची ४० रंगांची प्रमाणित यादी निघाली आणि पुढे ती वाढत गेली. तिच्यातला ८०१२ क्रमांकाचा लालसर तपकिरी रंग पोलादाला आधी लागायचा. १९४३च्या फेब्रुवारीपासून त्यावर गडद पिवळा चढू लागला. १९४४च्या उत्तरार्धात मात्र टंचाई अशी वाढली, की पँथर रणगाड्यांवर अस्तर उघडंच ठेवून त्यावर हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांचा कॅमोफ्लाज होऊ लागला. झाकण्यासाठी असलेला रंग असा मिरवायला निघाला. आज टामिया या मॉडेल कंपनीच्या स्प्रे-कॅनमध्ये करड्या, पांढऱ्या प्रायमरसोबत ‘ऑक्साइड रेड’ही मिळतो, त्याचं मूळ इथे आहे.

हे अस्तर फवारण्याची कला आली घशाच्या डॉक्टरांकडून. अमेरिकेतल्या टोलेडो शहराच्या ॲलन डेव्हिलबिस यांनी १८८८च्या सुमारास रुग्णांच्या घशात औषध उडवण्यासाठी फवारा बनवला. त्यांच्या मुलानं, टॉमसनं, १९०७ साली त्याच तत्त्वावर रंगाची स्प्रे-गन काढली. १९४९ साली इलिनॉयच्या एडवर्ड सिमोर यांनी पत्नीच्या सूचनेवरून रंग दाबाखालच्या डब्यात भरला, आणि कॉम्प्रेसर नसलेल्या माणसालाही फवारा परवडू लागला.

आता मॉडेलकडे येऊ. जपानमधल्या शिझुओकाची टामिया कंपनी १९४६ साली लाकडाच्या धंद्यात उतरली आणि लवकरच लाकडी मॉडेलंही बनवू लागली. लाकडाला रेषा असतात. त्या बुजवायला, घासून गुळगुळीत करायला अस्तर लागायचंच. १९६०च्या आसपास कंपनी प्लॅस्टिककडे वळली. लवकरच तिचा मोटरवर चालणारा पँथर आला. त्याचा आकार ठरला तो आत दोन बॅटऱ्या बसाव्यात म्हणून. मोजून पाहिलं तर प्रमाण निघालं १ : ३५. आज जगभर रणगाड्यांचं जे मुख्य प्रमाण मानतात, ते असं बॅटऱ्यांनी ठरवलेलं आहे.

मॉडेलच्या पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकला ना गंज, ना रेषा. अस्तराची दोन्ही कामं एकदमच गेली. हम्ब्रोल कंपनीच्या चिमुकल्या डब्यांतला इनॅमल रंग उघड्या प्लॅस्टिकवरही नीट धरतो, त्यामुळे तेव्हा अनेकांनी अस्तराशिवायच रणगाडे रंगवले आणि ते रंग टिकले.

अस्तराला परत आणलं ते पितळेनं. इंजिनाच्या जाळ्या, मडगार्डांचे पातळ पत्रे असे भाग आम्लानं कोरलेल्या पितळी पत्र्यातून मिळू लागले. बेल्जियमच्या फ्रान्स्वा व्हर्लिंडेन यांच्यासारख्यांनी रेझिनचे भागही बाजारात आणले. आता एकाच रणगाड्यावर प्लॅस्टिक, पितळ, रेझिन आणि पुट्टी. प्रत्येकाची पकड वेगळी, रंग वेगळा. त्यात पाण्यावरचे ॲक्रिलिक रंग आले. ते नितळ पितळेवरून नखानं निघतात. अशा खिचडीला एकजीव करणं हे अस्तराचं तिसरं काम, आणि आजही ते मुख्य.

मात्र इथे जाडीचा हिशेब आडवा येतो. ०.०३ मिलिमीटरचा थर म्हणजे खऱ्या रणगाड्यावर ३५ पट, एक मिलिमीटरहून जाड लेप. अशा दोन-तीन हातांत वेल्डिंगच्या रेघा आणि रिव्हेटांची डोकी बुजून जातात. २०२२ साली सप्तशृंगी गडावर देवीच्या मूर्तीवरचा शेंदराचा जाड लेप उतरवल्यावर भाविकांना मूळ रूप दिसलं. रणगाड्यावर मात्र असा लेप उतरवता उतरवता बारीक भागच तुटतात. म्हणून पहिला हात नुसता धूसर मारतात, खालचं प्लॅस्टिक दिसत राहील इतका. तो वाळला की दुसरा जरा ओलसर. ‘मिस्टर सरफेसर’ या जपानी प्रायमरच्या बाटल्यांवर ५००, १०००, १२००, १५०० असे आकडे असतात. आकडा चढेल तशी भुकटी बारीक आणि पृष्ठभाग गुळगुळीत. ५०० खाचा भरायला, १५०० शेवटच्या हाताला.

टिकाऊपणाचं गणित वेगळंच. लॅकर जातीचा प्रायमर प्लॅस्टिकचा वरचा थर किंचित विरघळवून त्यात रुततो, म्हणून वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरनं घासला तरी त्याची कड उचलत नाही. पाण्यावरचा पॉलियुरेथेन प्रायमर वासाला सौम्य, फ्लॅटमध्ये सोयीचा. पण तो वर चढवलेली पातळ कातडी असतो आणि घाईनं घासला की सालासारखा निघतो. भाग आधी साबणाच्या पाण्यानं धुतले नाहीत, साच्याचं तेल आणि बोटांचा चिकटा तसाच राहिला, तर दोन्ही फसतात.

हवेचाही हात असतोच. विद्रावक उडताना पृष्ठभाग थंड पडतो. कोकणातल्या किंवा मुंबईच्या जुलैत त्यावर हवेतली ओल बसते आणि लॅकर पांढरट होतो. विदर्भाच्या मे महिन्यात उलटं: थेंब पोचण्याआधीच वाळतो आणि रणगाड्यावर काचपेपरसारखी खरखर उमटते. पहिल्यावर उपाय म्हणजे पाऊस उघडेपर्यंत थांबणं. दुसऱ्यावर कॅन जवळ आणणं, किंवा एअरब्रश असेल तर रंगात वाळणं लांबवणारं रिटार्डर मिसळणं.

आणि ज्याचा रणगाडा निव्वळ प्लॅस्टिकचा आहे, ज्याला इनॅमलच वापरायचंय, त्यानं अस्तराला खुशाल फाटा द्यावा.