विभाजनानंतरची पहिली निवडणूक : उत्तर आयर्लंड, मे १९२१

प्रस्तावना

एखाद्या देशाचे विभाजन झाल्यानंतर नव्याने अस्तित्वात आलेल्या प्रदेशात होणारी पहिली निवडणूक ही केवळ प्रतिनिधी निवडण्याची प्रक्रिया राहत नाही. त्या प्रदेशाच्या अस्तित्वालाच मतदारांची संमती आहे की नाही, याचा कौल ती देत असते. उत्तर आयर्लंडच्या संसदेसाठी २४ मे १९२१ रोजी झालेली निवडणूक हे याचे ठळक उदाहरण होय. भारतीय अभ्यासकांना हा विषय अगदीच परका नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ या ग्रंथात आयर्लंड व अल्स्टरच्या प्रश्नाचा दाखला घेतला होता. अल्पसंख्याकांना दिलेली घटनात्मक संरक्षणे त्यांचे समाधान करू शकतात काय, हा त्या चर्चेतील मध्यवर्ती प्रश्न होता. प्रस्तुत निबंधात हाच प्रश्न १९२१ च्या निवडणुकीच्या आधारे तपासला आहे. अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी हेतुपूर्वक निवडलेली मतपद्धती अस्तित्वात असूनही ते संरक्षण का टिकले नाही, याचा शोध घेणे हे या विवेचनाचे उद्दिष्ट आहे.

पार्श्वभूमी : १९२० चा कायदा

ब्रिटिश पार्लमेंटने डिसेंबर १९२० मध्ये आयर्लंड शासन कायदा संमत केला. या कायद्याने आयर्लंडमध्ये दोन संसदा स्थापन करण्याचे ठरले. एक डब्लिन येथे उर्वरित २६ परगण्यांसाठी आणि दुसरी बेलफास्ट येथे ईशान्येकडील सहा परगण्यांसाठी. दोन्ही संसदांना जोडणारी ‘आयर्लंड परिषद’ही कायद्यात होती, परंतु ती प्रत्यक्षात कधीच आली नाही.

येथे सीमेची निवड लक्षात घेणे आवश्यक आहे. अल्स्टर या ऐतिहासिक प्रांतात एकूण नऊ परगणे होते. नऊ परगण्यांचा प्रदेश घेतला असता कॅथलिक लोकसंख्या निम्म्याच्या जवळ गेली असती व ब्रिटनशी एकत्र राहू इच्छिणाऱ्या प्रॉटेस्टंट युनियनिस्टांचे बहुमत निसटते ठरले असते. सहा परगण्यांत मात्र कॅथलिकांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांश होते. म्हणून १९२० मध्ये युनियनिस्ट नेतृत्वाने सहा परगण्यांचाच स्वीकार केला. या सहांपैकी फर्मनॅ व टिरोन या दोन परगण्यांत मात्र कॅथलिकांचे बहुमत होते. म्हणजे निवडणुकीचा निकाल बऱ्याच अंशी सीमा आखतानाच निश्चित झाला होता.

मतपद्धतीची योजना

संसदेच्या कनिष्ठ सभागृहात ५२ जागा होत्या. बेलफास्ट शहराला चार मतदारसंघांत मिळून १६, डाऊनला ८, फर्मनॅ-टिरोन या संयुक्त मतदारसंघाला ८, अँट्रिमला ७, लंडनडेरीला ५, आर्माला ४ आणि क्वीन्स विद्यापीठाला ४ अशी त्यांची विभागणी होती. निवडणूक एकल संक्रमणीय मताद्वारे प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या तत्त्वावर घेण्यात आली. आपल्याकडे राज्यसभेच्या व विधानपरिषदेच्या निवडणुकांत आमदार ज्याप्रमाणे पसंतिक्रम नोंदवतात, तीच ही पद्धती. फरक इतकाच की येथे ती सर्वसामान्य मतदारांसाठी होती.

या पद्धतीचा परिणाम १९२० च्या स्थानिक निवडणुकांत दिसून आला होता. लंडनडेरी शहराच्या महापालिकेत युनियनिस्टांची दीर्घकालीन सत्ता संपली आणि दोन शतकांहून अधिक काळानंतर तेथे कॅथलिक महापौर निवडला गेला. त्यामुळे युनियनिस्टांच्या मनात या पद्धतीविषयी प्रारंभापासूनच संशय होता. कायद्यानेही या संरक्षणाला मुदत घातली होती. तीन वर्षांनंतर उत्तर आयर्लंडच्या संसदेला आपली निवडणूक पद्धती स्वतः बदलण्याची मुभा होती. ज्या बहुमतापासून अल्पसंख्याकांना संरक्षण द्यायचे, त्याच बहुमताच्या हाती ते काढून घेण्याचा अधिकार सोपवलेला होता.

प्रचार व मतदान

निवडणुकीचा काळ शांततेचा नव्हता. जुलै १९२० मध्ये बेलफास्टच्या जहाजबांधणी कारखान्यांतून हजारो कॅथलिक कामगारांना, तसेच समाजवादी विचारांच्या काही प्रॉटेस्टंट कामगारांना हाकलून देण्यात आले होते. दक्षिणेत आयरिश स्वातंत्र्ययुद्ध सुरू होते. फेब्रुवारी १९२१ मध्ये एडवर्ड कार्सन यांच्याकडून जेम्स क्रेग यांच्याकडे युनियनिस्ट पक्षाचे नेतृत्व आले. मतदानासाठी २४ मे हा ‘साम्राज्य दिन’ ठरला, ही बाबही सूचक होती. क्रेग यांनी प्रचारात सीमेचा प्रश्न सोडून अन्य प्रश्नांना फारसे स्थान दिले नाही.

विरोधी बाजूस दोन पक्ष होते. आयमन डी व्हॅलेरा यांचा सिन फेन पक्ष प्रजासत्ताकाचा पुरस्कर्ता होता, तर जोसेफ डेव्हलिन यांचा राष्ट्रवादी पक्ष सनदशीर परंपरेतला होता. परस्परांत वैर असतानाही दोघांनी करार केला. समर्थकांनी पुढील पसंती एकमेकांच्या उमेदवारांना द्यावी आणि निवडून आलेल्यांनी बेलफास्टच्या संसदेत बसू नये, असे त्यात ठरले. मजूर पक्षाच्या विचारांचे उमेदवार बेलफास्टमध्ये उभे राहिले. परंतु त्यांची अल्स्टर हॉलमधील सभा उधळली गेली व मतपेटीत ते नगण्य ठरले. वेतन, घरे, बेकारी हे प्रश्न सीमेच्या प्रश्नापुढे टिकू शकले नाहीत.

निकालाचे विश्लेषण

मतदान ८५ टक्क्यांहून अधिक झाले. युनियनिस्टांचे सर्व ४० उमेदवार निवडून आले. सिन फेनला ६ व राष्ट्रवादी पक्षाला ६ जागा मिळाल्या. मतांचे प्रमाण अनुक्रमे सुमारे ६७, २० व १२ टक्के होते. म्हणजे विभाजनविरोधी पक्षांना जवळजवळ एक तृतीयांश मते मिळूनही जागा एक चतुर्थांशाहून कमी मिळाल्या. चार जागांच्या मतदारसंघात विजयासाठी सुमारे एक पंचमांश मतांचा कोटा लागे. त्यामुळे बेलफास्टमध्ये १६ पैकी १५ जागा युनियनिस्टांकडे गेल्या आणि पश्चिम बेलफास्टमधून एकटे डेव्हलिन निवडून आले.

फर्मनॅ-टिरोनचा निकाल सर्वाधिक बोलका आहे. तेथे विभाजनविरोधी उमेदवारांना युनियनिस्टांहून अधिक मते मिळाली. जागा मात्र चार-चार अशा समसमान विभागल्या गेल्या. सीमा मतदारांच्या इच्छेनुसार आखली गेली आहे, हा दावा याच मतदारसंघाने खोडून काढला. सिन फेनच्या विजयी उमेदवारांत डी व्हॅलेरा, मायकेल कॉलिन्स व आर्थर ग्रिफिथ यांचा समावेश होता. ज्या संसदेचे अस्तित्वच त्यांना अमान्य होते, तिच्यासाठी ते निवडले गेले होते. याच सुमारास दक्षिणेतील संसदेच्या सर्व १२८ जागा बिनविरोध भरल्या गेल्या. त्यांपैकी १२४ सिन फेनकडे गेल्या.

बहिष्कार व मतपद्धतीचा अंत

२२ जून १९२१ रोजी राजे पंचम जॉर्ज यांनी बेलफास्टच्या नगरभवनात संसदेचे उद्घाटन केले तेव्हा विरोधी बाकांवर कोणीही नव्हते. राजांच्या सलोख्याच्या भाषणानंतर ११ जुलै रोजी आयर्लंडमध्ये युद्धविराम झाला. डिसेंबरमध्ये अँग्लो-आयरिश करार झाला. सीमा आयोगाची तरतूद त्यात असल्याने फर्मनॅ व टिरोन परत मिळतील, अशी राष्ट्रवादी पक्षाला आशा होती. या आशेपायी बहिष्कार लांबला. १९२५ मध्ये सीमा न बदलताच आयोगाचे कार्य गुंडाळले गेले. त्याच वर्षी डेव्हलिन सभागृहात आले. परंतु राज्यव्यवस्थेचा पाया घातला जात असताना चार वर्षे विरोधी पक्ष अनुपस्थित होता.

या काळात बहुमताने आपली पावले टाकली. १९२२ मध्ये स्थानिक संस्थांसाठी प्रमाणशीर प्रतिनिधित्व रद्द करण्यात आले. व्हाइसरॉयने या विधेयकाची संमती काही काळ रोखून धरली. परंतु बेलफास्ट सरकारने राजीनाम्याची धमकी देताच लंडनने माघार घेतली. संसदेच्या निवडणुकांसाठीची पद्धती १९२९ मध्ये रद्द झाली. केवळ विद्यापीठाच्या जागांना अपवाद राहिला.

या दुसऱ्या बदलाचा अर्थ सामान्यतः राष्ट्रवादींविरुद्धची कृती असा लावला जातो. आकडे मात्र वेगळे सांगतात. १९२५ च्या निवडणुकीत युनियनिस्ट ४० वरून ३२ पर्यंत घसरले होते. मजूर पक्षाला तीन जागा मिळाल्या व स्वतंत्र युनियनिस्टही निवडून आले. १९२९ मध्ये नव्या पद्धतीने युनियनिस्ट ३७ झाले, मजूर पक्षाकडे एकच जागा उरली आणि राष्ट्रवादींची संख्या ११ राहिली. म्हणजे फटका बसला तो प्रामुख्याने धर्मभेदापलीकडचे राजकारण करू पाहणाऱ्या तिसऱ्या प्रवाहांना. सभागृहात सीमेच्या बाजूचे व सीमेविरुद्धचे असे दोनच गट असावेत, ही क्रेग यांची भूमिका यातून साकार झाली. १९२१ मध्ये जो एकमेव प्रश्न होता, तोच कायमस्वरूपी प्रश्न ठरला.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, सीमा कोठे आखायची हे ठरले की मतपद्धती कितीही न्याय्य असली तरी बहुमत कोणाचे हे बदलत नाही. दुसरा, ज्या संरक्षणाला बहुमताच्या इच्छेवाचून दुसरा आधार नाही, ते संरक्षण पहिल्या अडचणीतच कोलमडते. तिसरा, अल्पसंख्याकांचा बहिष्कार तत्त्वतः समर्थनीय असला तरी नियम घडवण्याच्या काळात तो बहुमताचे काम सोपे करतो. मात्र बहिष्कारालाच सारा दोष देता येणार नाही. बारा सदस्य सभागृहात असते तरी चाळीस मतांपुढे त्यांचे बळ मर्यादितच राहिले असते.

१९७२ मध्ये ब्रिटिश सरकारने ही संसद स्थगित केली आणि १९७३ मध्ये एकल संक्रमणीय मतपद्धती परत आली. परंतु १९९८ च्या बेलफास्ट करारानंतर तिच्या जोडीला मंत्रिमंडळात दोन्ही समाजांचा वाटा आणि महत्त्वाच्या निर्णयांना दोन्हींची संमती या तरतुदी आल्या. प्रतिनिधित्व म्हणजे सत्तेतील सहभाग नव्हे, हे १९२१ मध्ये न उमगलेले सूत्र मान्य होण्यास तीन चतुर्थांश शतक जावे लागले. विभाजित समाजांसाठी राज्यघटना घडवणाऱ्यांनी या निवडणुकीकडून घ्यावा असा धडा हाच आहे.